पहिली ओळ दादाची

मलकापूर (कऱ्हाड),
२२ जून २०२५

राजेश्वरी,

सृष्टीचा सीईटीचा निकाल कळला. तू फोनवर सांगत होतीस आणि मागं धनाजीरावांचं लेथ मशीन चालू होतं, त्यामुळं निम्मं ऐकू आलं, निम्मं मी अंदाजानं धरलं. नव्याण्णवच्या जवळ आहे एवढं नक्की ऐकलं. पोरीला माझ्याकडून जवळ घे. नाथाजी मंगळवारी तुमच्या कारखान्याचा माल इथं उतरवून टेंपो रिकामा घेऊन परत जातो, त्याच्याकडे पेढे देते आणि हे पत्रही. दोन खोल्यांत फोनवर मनातलं बोलता येत नाही, असं तूच म्हणाली होतीस. तर लिहीत जा. नाथाजी आहे तोवर आपल्याला पोस्टाची गरज नाही.

इथं जून लागला आणि यांचा फोन पुन्हा वाजायला लागला. यांना जाऊन दीड वर्ष होत आलं, पण तो नंबर मी बंद केलेला नाही. लष्करातून आल्यावर दर उन्हाळ्यात हे सोप्यावर बसून पोरांचे इंजिनिअरिंगचे फॉर्म भरून द्यायचे, ते तुला माहीत आहे. ज्यांना हे गेल्याचं कळलेलं नाही ते अजून फोन करतात. परवा पाटणकडचा एक माणूस होता. "हवालदार काका हायत का? पोराला कऱ्हाडला बसतंय का बगायचं हुतं." मी सांगितलं, ते वारले. तो म्हणाला, "आता वो? मग आमी कुनाला इचारायचं?" त्याला वाईट वाटलंच, पण पोराचा फॉर्मही होताच की. मी मार्क विचारले आणि मला येत होतं तेवढं सांगितलं. इतकी वर्षं चहाचा ट्रे घेऊन दारात उभी राहून ऐकलंय. पुणं पहिलं, मग मुंबई, मग सांगली, मग कऱ्हाड. हे पाढ्यासारखं म्हणायचे. कुठं कितीवर यादी बंद झाली तेही.

एक गोष्ट तुलाच सांगते, हसू नकोस. फोन वाजायच्या आधी मला सोप्यावरून घसा खाकरल्याचा आवाज येतो. मग फोन वाजतो. आधी फोन आणि मग खाकरणं, असं कधी होत नाही.

यांचा नियम सृष्टीला माहीतच आहे. फॉर्मवरची पहिली ओळ आपली नाही, ती देवाला सोडायची. गुऱ्हाळात पहिला गूळ देवाला ठेवतो तशी. तिथं मोठ्यात मोठं कॉलेज लिहायचं आणि विसरून जायचं. आपलं जे काही, ते दुसऱ्या ओळीपासून. यांनी कित्येक पोरांची पहिली ओळ अशीच सोडली आणि कुणाचं काही बिघडलं नाही.

पोरीला काय हवंय ते तिला विचार. तुला काय हवंय ते मला लिही.

तुझी वहिनी,
संयोगिता


कुपवाड, सांगली
२९ जून २०२५

वहिनींना नमस्कार.

पेढे पोचले. सृष्टीनं पहिला पेढा मामाच्या फोटोपुढं ठेवला, मी सांगितलं नव्हतं.

तुम्ही विचारलंत तसं लिहिते. पोरीला सांगलीच हवंय. सांगलीचं कॉम्प्युटर. म्हणते, घरून गाडीवर जाईन, संध्याकाळी पपांच्या हिशोबाचं बघीन. तिचे पपा तर काय, खूश. नाव पुण्याचं असलं काय नि सांगलीचं असलं काय, शेवटी मशीनवर हातच चालवायचा, असं म्हणतात. त्यांना काय कळतंय. आमच्या शेजारच्या मनुबाई काल नळावर म्हणाल्या, "पोरगी एवढी हुशार, आन् सांगलीतच ऱ्हानार व्हय? आमचा नातू बगा, पुन्यात हाय." नातू कुठल्या कॉलेजात आहे ते विचारलं तर त्यांना सांगता येईना. पण पुण्यात आहे. त्यावरच सगळं.

सृष्टीनं मला कागदावर मांडून दाखवलं. सांगलीचं कॉम्प्युटर जिथं बंद होतं, तिथं पुण्याच्या त्या जुन्या सरकारी कॉलेजात, आता त्याला विद्यापीठ म्हणतात, कॉम्प्युटर मिळायचं नावच नाही. पण तिथलं मेटलर्जी जरा खाली बंद होतं. मुलींच्या जागेतून तर आणखी खाली. म्हणजे मोठ्या घरची पडवी की लहान घरचं माजघर, असं ती म्हणाली आणि हसली. मला हसू आलं नाही. मेटलर्जी म्हटल्याबरोबर मी तो कागद हातात घेऊन पुन्हा वाचला. दादाला तेच मिळालं होतं ना?

वहिनी, दादा मला दिसतो. रात्री नाही, पहाटे जाग येता येता. दगडी फाटकाशी उभा असतो, अंगात शाळेचाच शर्ट. आत कुणीतरी नावं वाचतंय. एकेक जण आत जातो. दादा माझ्याकडं बघतो, आणि त्याचं नाव येतच नाही. मी ओरडायला जाते आणि जाग येते. तुम्ही असताना तो घसा खाकरतो, मला तर तेवढाही आवाज देत नाही.

तो कुणासाठी परत आला हे आपल्या घराण्यात सगळ्यांना ठाऊक आहे. मी आठ वर्षांची, विषमज्वरानं मिरजेच्या दवाखान्यात पडलेली, आणि दादा पुण्याची जागा सोडून माझ्या उशाशी येऊन बसला. परत गेलाच नाही. पुढं भरती झाला. आबा मरेपर्यंत म्हणायचे, ह्या पोरीनं इंजिनेर खाल्ला. चेष्टेनं म्हणायचे. पण म्हणायचे. माझ्या लग्नातही म्हणाले.

आता माझ्या पोरीला त्याच दारात जाता येतंय, आणि ती सांगली म्हणते. मी काय करू?

तुमची,
राजेश्वरी


मलकापूर,
१५ जुलै २०२५

राजेश्वरी,

तुझं पत्र मी पुष्कळदा वाचलं. उत्तराला उशीर केला, रागावू नकोस. तुझ्या दुखण्याचं आणि यांच्या परत येण्याचं मी पत्रात लिहीत नाही. ते समोर बसून बोलायचं आहे. एवढंच सांगते, गेलेल्या माणसाचं ओझं पोरीच्या डोक्यावर देऊ नये. तिला ते उतरवून कुठं ठेवायचं तेसुद्धा कळणार नाही.

हे पत्र दुसऱ्याच कारणासाठी घाईनं लिहितेय, नीट वाच. आज उंब्रजच्या एका मास्तरांचा फोन आला. त्यांनाही हे गेल्याचं माहीत नव्हतं. बोलता बोलता मी पहिल्या ओळीचं सांगितलं, तर ते म्हणाले, ताई, हे आता कुणाला सांगू नका. नियम बदललाय. पहिल्या फेरीत पहिल्या ओळीवरचं कॉलेज मिळालं, की ते तिथंच गोठतं. घ्यावंच लागतं. नाही घेतलं, तर पुढच्या फेऱ्यांतून नाव बाहेर. पूर्वी मिळालं तरी पुढं सरकायला वाट होती, आता नाही. मी त्यांना दोनदा विचारून घेतलं. मग या महिन्यात ज्या ज्या पोरांना मी जुनं सांगितलं होतं, त्यांना एकेकाला फोन लावत बसले. सगळे वेळेत सापडले, देवाची कृपा.

तेव्हा सृष्टीला सांग, पहिल्या ओळीवर जे खरोखर हवंय तेच लिही. सांगलीचं कॉम्प्युटर हवं असेल तर तेच पहिलं. देवाला सोडायची ओळ आता शिल्लक राहिलेली नाही.

फोन ठेवल्यावर मी सोप्यावर बसून राहिले. यांना हे कळलं असतं तर फार चिडले असते, असं वाटलं. मग वाटलं, कळलंच असेल. दुपारभर फोन वाजला नाही आणि घसाही कुणी खाकरला नाही.

पत्र मिळाल्याचं नाथाजीकडं तोंडी सांग, म्हणजे मी निर्धास्त होईन.

तुझी वहिनी


कुपवाड,
३१ जुलै २०२५

वहिनी,

आज पहिली यादी लागली. सृष्टीला पुणं मिळालं. मेटलर्जी. पहिल्या ओळीवरचं.

तुम्ही कपाळाला हात लावला असेल. लावा. नाथाजीकडून मी 'पत्र मिळालं' एवढा निरोप दिला होता, तो खरा होता. पत्र मिळालं होतं, मी वाचलंही होतं. फक्त सृष्टीला दिलं नाही. तिला तो जुनाच नियम ठाऊक होता, मामाचा. फॉर्म भरताना मी म्हटलं, पहिली ओळ दादाची, दादाचंच कॉलेज आणि दादाचाच विषय लिही. ती म्हणाली, मिळायचं नाही ते, आणि हसत हसत लिहिलं. दुसऱ्या ओळीवर तिनं सांगलीचं कॉम्प्युटर टाकलं. मला सगळं समजत होतं. मिळालं तर गोठणार, हे मला समजत होतं.

मी फसवलं असं म्हणू नका. मी कौल लावला. आपण देवाच्या अंगाला पाकळ्या लावतो, उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही, आणि पडेल ते मानतो. तसा मी दादाला लावला. त्याला नको असेल तर दुसरी ओळ होतीच, सांगली मिळालीच असती, आणि मी जन्मात पुन्हा पुण्याचं नाव काढलं नसतं. पण त्यानं उजवी दिली. मी काय करणार?

आज पहाटे तो स्वप्नात आला नाही. पहिल्यांदाच आला नाही. म्हणजे आत गेला असणार.

सृष्टी मात्र सकाळपासून बोलत नाही. तिच्या मैत्रिणीनं तिला नियम सांगितला. तेव्हा तिनं माझ्याकडं बघितलं, नुसतं बघितलं. तिच्या पपांनी मशीन बंद करून ठेवलंय. चार तारखेपर्यंत जागा घ्यायची आहे. तुम्ही तिला समजावा, ती तुमचं ऐकते. एकदा तिथं गेली की तिला बरं वाटेल. एवढं मोठं नाव आहे.

राजेश्वरी


कुपवाड,
१ ऑगस्ट २०२५

मामी,

नाथाजीकाका आज माल घेऊन जादाची फेरी करतायत म्हणून घाईनं लिहिते. फोन केला असता तर मी रडले असते आणि तुला काहीच कळलं नसतं.

आईनं तुला लिहिलंय हे मला माहीत आहे. तिनं मला तुझं जुलैचं पत्र काल दिलं. स्वतःच आणून दिलं. मी तिच्यावर ओरडले नाही. ओरडायला पाहिजे होतं, पण तिच्या चेहऱ्याकडं बघून ओरडता येईना. ती घाबरलेली नाहीये. ती खूश आहे. मला त्याचीच भीती वाटते.

मैत्रिणी अभिनंदन करतायत. शिकवणीच्या सरांनी माझा फोटो मागितला, बोर्डावर लावायला. मेटलर्जी ऐकल्यावर म्हणाले, "विषय छोट्या अक्षरात टाकू गं, कॉलेज मोठ्या." मनुबाई पेढे घेऊन आल्या. आपल्याला जे नको होतं त्याचे पेढे खाणं फार अवघड असतं, मामी.

मला मेटलर्जीचा राग नाही. पुण्याचाही नाही. मला तिथं कोण म्हणून जायचं तेच कळत नाही. आई म्हणते, मामाच्या जागेवर जायचं आहे. काल तर ती म्हणाली, "तू नुसती जा, बाकीचं तो बघंल." म्हणजे मी वर्गात बसणार आणि माझ्या बाकावर आधीच कुणीतरी बसलेलं असणार. मी नापास झाले तर मामा दुसऱ्यांदा परत येणार. माझ्या जागेवर मी कधी जायचं?

जागा सोडली तर या वर्षी सरकारी यादीतून बाहेर. मग उरलेल्या जागा कॉलेजं भरतात, त्यात सांगलीत काय मिळेल सांगता येत नाही. कदाचित काहीच नाही. पपा म्हणतात, "तुला न्हवं तर न्हवं, एक वरीस गेलं म्हनून काय मरत न्हाई कुनी." पण ते माझ्याकडं न बघता म्हणाले.

तू मामाबरोबर इतकी वर्षं काढलीस. खरं सांग. त्याला एवढं हवं होतं का ते कॉलेज? मेल्यावर पण थांबून राहण्याइतकं?

सृष्टी


मलकापूर,
२ ऑगस्ट २०२५

राजेश्वरी, आणि सृष्टी,

हे पत्र दोघींनी एकत्र बसून वाचायचं आहे. धनाजीरावांनाही बसव. नाथाजीला मी थांबवून ठेवलंय, तो समोर चहा पितोय, म्हणून फार सजवून लिहिता येणार नाही. ते बरंच आहे.

राजेश्वरी, तुझा दादा तुझ्यासाठी परत आला नव्हता.

आम्ही अंबाल्याला क्वार्टरमध्ये राहत होतो तेव्हा यांनी मला सांगितलं. एकदाच, आणि पुन्हा त्यावर बोलू दिलं नाही. यांना पुण्याला जागा मिळाली ती मार्कांवर मिळाली, त्यात खोटं काही नाही. तालुक्यातून तेव्हा कुणी तिथं गेलं नव्हतं, आबांनी गावात साखर वाटली होती. पण वर्गात सगळं इंग्रजीत चालायचं. यांना एक अक्षर कळायचं नाही. बाकीची पोरं माना हलवायची म्हणून हेही हलवायचे. खोलीवरची पोरं वाईट नव्हती, पण त्यांचं हसणं कशावर चाललंय ते यांना कळायचं नाही, मग हे उशिरानं हसायचे. मास्तर हजेरी घ्यायचे तेव्हा यांच्या नावाचा उच्चार असा व्हायचा, की ते आपलंच नाव आहे हे यांच्या ध्यानात यायचं नाही. गैरहजेरी लागायची. मला म्हणाले, "तिथं माझं नाव मला ऐकू यायचं बंद झालं."

एक दिवस सरांनी यांना फळ्याकडं बोलावलं. हे उठले, फळ्याकडं जायच्याऐवजी दारातून बाहेर गेले आणि चालत स्वारगेटला आले. कऱ्हाडच्या गाड्या लागत होत्या, सुटत होत्या. हे बाकावर बसून बघत राहिले. संध्याकाळची गाडी हलली तेव्हा धावत जाऊन चढले. दिवाळीसुद्धा आली नव्हती अजून.

रस्ताभर आबांना काय सांगायचं ते घोकत आले. घरी आले तर दाराला कडी. शेजारच्यांनी सांगितलं, राजेश्वरीला मिरजेला नेलंय, जगते की नाही माहीत नाही. हे तसेच मिरजेला गेले. दवाखान्याच्या व्हरांड्यात आबा बसले होते. यांना बघून उठले आणि गळ्यात पडून रडले. म्हणाले, "आलास? तुला कुनी कळिवलं रं?" यांनी तोंड उघडलंच होतं. पण त्या क्षणाला काय बोलणार होते ते? गप्प बसले. दुसऱ्या दिवशी सगळं गाव म्हणत होतं, बहिणीसाठी जागा सोडून आला. हे गप्पच राहिले. पुढं तू बरी झालीस, आबा म्हणाले, आता जा. हे म्हणाले, घरी माणूस पाहिजे. झालं.

तर तू त्यांचं काहीही घेतलं नाहीस. उलट तू त्यांना तोंड लपवायला जागा दिलीस. तू आजारी नसतीस तर त्यांना आबांसमोर खरं सांगावं लागलं असतं, आणि ते त्यांना जमलं नसतं. मला नक्की वाटतं, ते घरीच आले नसते. कुठं गेले असते कोण जाणे.

हे मी यांना दिलेला शब्द मोडून सांगतेय. ते हयात असते तर मी सांगितलं नसतं. पण ते असते तर सृष्टीवर ही वेळ येऊच दिली नसती त्यांनी. दर वर्षी पहिल्या ओळीवर पुणं लिहायला लावायचे, ते देवासाठी असं म्हणायचे. मला वाटतं ती ओळ ते स्वतःच्या डोळ्यांपुढून दूर सारत होते. एकदाही एखाद्या पोराला म्हणाले नाहीत की तिथं जा. कुणाला मिळालंच, तर त्याच्या घरी पेढे द्यायला मला पाठवायचे, स्वतः जात नसत.

सृष्टी, तू विचारलंस त्याचं उत्तर हे आहे. मामा त्या दारात थांबलेला नाही. तो तिथून पळून आला होता, आणि त्याला पुन्हा तिथं ओढून नेलं तर त्याच्याइतका दुःखी जीव दुसरा नसेल. कौल उजवा पडला नाही, राजेश्वरी. पाकळी नुसती सुटून पडली.

आता जागा घ्यायची की सोडायची ते पोरीनं ठरवावं. वर्ष गेलं तर इथं माझ्याकडं येऊन राहा, मी एकटीच आहे.

संयोगिता


कुपवाड,
३ ऑगस्ट २०२५

वहिनी,

पत्र वाचलं. धनाजीरावांनी मोठ्यानं वाचलं, कारण माझ्यानं पहिल्या ओळीपुढं जाववेना.

दादा पळून आला हे सांगायला तुम्हाला माझी पोरगी अडकेपर्यंत थांबावं लागलं? आबा बोलायचे तेव्हा तुम्ही त्याच घरात होता. माझ्या लग्नात तुम्ही माझ्या पदराला गाठ मारत होता आणि ते बोलले, मी ऐकलं, तुम्हीही ऐकलं. आणि दादा समोर उभा होता. तोही ऐकत होता, असं आता तुमचं म्हणणं.

दादाला एकदा मरणानं नेलं, आता तुम्ही त्याला दुसऱ्यांदा नेलंत. एवढंच.

आता मी म्हणतेय सृष्टीला जाऊ नको. मला त्या दारात माझं पोर पाठवायचं नाही. जिथं दादाला त्याचं नाव ऐकू येईना, तिथं हिला काय ऐकू येणार? तर ती ऐकत नाही. काय ते तिचं तिनंच तुम्हाला लिहावं.

राजेश्वरी


कुपवाड,
४ ऑगस्ट २०२५

मामी,

मी जागा घेतली. आत्ताच, पपांच्या मोबाईलवरून. तू हे वाचून चकित होशील, कारण तू मला सोडवायला लिहिलंस आणि मी निघाले.

सांगते कसं झालं. तुझं पत्र वाचून झाल्यावर आई भिंतीकडं तोंड करून बसली. पपा बाहेर गेले. मी एकटीच त्या कागदांकडं बघत राहिले, आणि मला मामा दिसला. फोटोतला नाही, मिशीवाला हवालदार नाही. माझ्याएवढा. स्वारगेटला बाकावर बसलेला, गाड्या जाऊ देणारा. मला त्याची फार कीव आली आणि मग एकदम हलकं वाटलं. मामी, मोठ्या कॉलेजातून परत येता येतं, हे आपल्या घरात मला कुणी सांगितलंच नव्हतं. सगळे म्हणायचे त्यानं सोडलं, त्याग केला. त्यागाच्या पुढं माणूस काय करणार? पण घाबरून परत आलेल्या माणसाची भाची म्हणून मला जाता येईल. नाही जमलं तर मी पण चढेन गाडीत. आणि घरी येऊन खरं सांगेन. ते त्याला जमलं नाही, तेवढं मला जमवायचं आहे.

मला अजून सांगलीच आवडतं. हे खोटं बोलणार नाही. पण इथं राहिले असते तर रोज आईच्या स्वप्नातून गाडी काढून कॉलेजला जावं लागलं असतं.

आई तुझ्यावर रागावली आहे. पण काल दुपारी भाकरी करता करता मध्येच मला म्हणाली, "त्यो तवा काय खात असंल गं तिथं? त्येला बाहेरचं कवा चालायचंच न्हाई." मी म्हटलं, मामीला विचार. ती म्हणाली, "मी न्हाई इचारनार." म्हणून मी विचारतेय. काय खायचा?

१६ तारखेला निघायचं आहे. पपा सोबत येतायत. गाडी कऱ्हाडला थांबते.

सृष्टी


मलकापूर,
१७ ऑगस्ट २०२५

राजेश्वरी,

तू उत्तर देणार नाहीस हे धरूनच लिहिते.

काल कऱ्हाडच्या स्टँडवर मी वेळेच्या बरीच आधी गेले होते. गाडी आली. धनाजीराव आधी उतरले, मग सृष्टी. तू घरी राहिलीस हे तिला लागलं होतं, पण ती म्हणाली, "आई आली असती तर तीच रडली असती आणि पपा रडले नसते, असं कसं चाललं असतं?" धनाजीरावांचे डोळे लाल होते. मी त्यांना पाणी पाजलं.

सृष्टीला मी दशम्या आणि शेंगाची चटणी दिली. तू विचारायला लावलंस, म्हणजे तू लावलं नाहीस, पण तिनं विचारलं, तेच त्याचं उत्तर आहे. आईनं बांधून दिलेल्या दशम्या संपल्यावर यांना मेसमध्ये जायला लाज वाटायची, कारण चमच्यानं भात खायला जमायचं नाही. सगळे उठून गेले की हे जायचे, तेव्हा फार काही उरलेलं नसायचं. हे मी पत्रात लिहिलं नव्हतं. तुला सांगायचं राहिलं.

आणखी एक राहिलं. तुझ्या उशाशी ते बसले होते ते खोटं नाही. ते कसल्याही कारणानं आले असतील, पण आल्यावर उठले नाहीत. तुझा ताप उतरला त्या सकाळी त्यांनी दवाखान्याच्या नळावर जाऊन तुझं लुगड्याचं पांघरूण धुतलं, हे आबांनी मला सांगितलं होतं, यांनी नाही. ते तू ठेव. ते तुझं आहे. लग्नातलं जे तू लिहिलंस ते मात्र बरोबर आहे. मी गप्प होते.

कंडक्टरनं हाक दिली आणि सृष्टी चढली. खिडकीतून तिनं हात केला, माझ्याकडं बघून नाही, सगळ्या स्टँडकडं बघून. गाडी पुण्याच्या वाटेला लागली.

मी परत फिरले तर पलीकडच्या फलाटावर पुण्याहून आलेली एक गाडी लागत होती. माणसं उतरली, पिशव्या, पोरं, एक म्हातारी कोंबडीची पाटी सांभाळत. सगळ्यांच्या शेवटी एक पोरगा उतरला. अठरा वर्षांचा असेल. मिशी फुटत होती. अंगात शाळेचा शर्ट. उतरल्यावर तो गाडीच्या आडोशाला थांबला आणि त्यानं इकडं तिकडं बघितलं, ओळखीचं कुणी आपल्याला बघत तर नाही ना, असं. त्याची नजर माझ्यावरून गेली. मला ओळखण्याचं त्याला कारण नव्हतं. मी तेव्हा त्याच्या आयुष्यात यायची होते.

राजेश्वरी, मी यांना फौजी बघितलं, नवरा म्हणून बघितलं, तिरडीवर बघितलं. अठराचं कधी बघितलं नव्हतं.

हाक मारावी असं फार वाटलं. पण हाक मारली असती तर तो परत गाडीत चढला असता. म्हणून मी पाठ फिरवली, दुसरीकडं बघत उभी राहिले, आणि त्याला कडी लावलेल्या घराकडं, आणि तिथून मिरजेकडं, जाऊ दिलं.

तुझी वहिनी,
संयोगिता